चार बेज समोर आहेत, भिंतीवर कुठला?

पत्र: बैठकीच्या खोलीला फिकट बेज रंग द्यायचं घरात ठरलं. शेडकार्डावरून चार शेड निवडल्या. कार्डाच्या मागे एलआरव्ही म्हणून ७४, ६८, ६६ आणि ५८ असे आकडे आहेत. चारही शेडचे नमुन्याचे छोटे डबे आणून जुन्या, फिकट हिरव्या भिंतीवर शेजारी शेजारी चार पट्टे मारले, प्रत्येकी दोन हात. सकाळी पहिला पट्टा चक्क गुलाबी दिसतो, तिसरा हिरवट, आणि रात्री दिवे लावले की चारही सारखेच पिवळे. फरशी पिवळसर क्रीम, तिच्यात तपकिरी ठिपके. सोफा करडा, दाराची चौकट गडद लाकडी. खिडकी एकच, मोठी, उत्तरेला. घरातले म्हणतात, सगळे एकच आहेत, कुठलाही लाव. रंगारी आठवड्याने येणार आहे. काय करू?

उत्तर:

भिंतीवरचे ते चार पट्टे बघणं आजपासून बंद करा. तुमचे डोळे चुकत नाहीत, पट्ट्यांची जागा चुकली आहे. कुठलाही रंग शेजारच्या रंगापासून उलट्या बाजूला सरकल्यासारखा दिसतो. हिरव्याशेजारचा मातकट रंग आहे त्यापेक्षा जास्त गुलाबी दिसणारच. भिंत पूर्ण रंगली की हिरवा उरणार नाही, मग त्या हिरव्याच्या साक्षीने केलेली तुलना कशी धरायची?

पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात चित्रांचे पडदे विणले जात. तिथे १८२४ मध्ये मिशेल यूजीन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख झाले, तेव्हा काळा धागा फिका उतरतो अशी तक्रार होती. त्यांनी तपासलं तर काळ्या रंगात काही खोट नव्हती. तोच धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला की निस्तेज दिसायचा. तुमच्या भिंतीवर तेच चाललं आहे.

तरी त्या पट्ट्यांतून एक खरी बातमी मिळते, ती मात्र घ्या. हिरव्या भिंतीवर चारही शेड थोड्या गुलाबीकडे झुकायला हव्या होत्या. एवढं असूनही तिसरी हिरवट दिसते. दोन हातांखाली जुना फिकट रंग बहुतेक झाकला जातो, म्हणजे ही हिरवी झाक खालून आलेली नाही, तिसऱ्या शेडच्या अंगातच आहे. पहिलीबद्दल मात्र अजून काही सांगता येत नाही. ती खरोखर गुलाबी असेल किंवा नुसती हिरव्यामुळे तशी दिसत असेल. याचा निकाल लावायला एक सोपी जागा आहे: डब्यावरचं लेबल.

मशीनवर तयार करून दिलेल्या डब्यावर बहुधा एक चिकटपट्टी असते. तिच्यावर बेस, म्हणजे मूळ रंग, कुठला आणि कुठला स्टेनर, म्हणजे त्यात मिसळायचा दाट रंगद्रव, किती टाकला ते छापलेलं असतं. हेच त्या शेडचं सूत्र. फिकट बेज म्हणजे पांढऱ्या बेसमध्ये साधारण तीन स्टेनर: पिवळा ऑक्साइड, तांबडा ऑक्साइड आणि काळा. प्रत्येक कंपनीची अक्षरं वेगळी असतात, म्हणून दुकानदाराला विचारून कुठलं अक्षर कशाचं ते डब्यावरच लिहून घ्या. पट्टी नसेल तर दुकानाच्या संगणकात सूत्र असतं, छापून मागा. मग चार सूत्रं शेजारी ठेवून वाचा. पिवळ्याच्या मानाने तांबडा जास्त असेल तर ती शेड गुलाबी-अबोलीकडे जाणार. तांबडा अगदी थोडा आणि काळा बऱ्यापैकी असेल तर ती हिरवट होणार, कारण काळा आणि पिवळा एकत्र आले की शेवाळी हिरवा तयार होतो. तुमच्या तिसऱ्या शेडचं गुपित बहुतेक इथेच सापडेल. तांबडा, काळा दोन्ही कमी आणि पिवळा पुढे असेल तर तो क्रीमकडे झुकलेला बेज. सूत्रांची तुलना एकाच कंपनीच्या आणि एकाच बेसच्या डब्यांमध्येच करा. कंपनी बदलली की स्टेनरचा जोर बदलतो आणि आकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

सूत्र मिळालंच नाही तर शेडकार्डावरून अंदाज घ्या. ज्या पट्टीतून फिकट शेड निवडली, त्याच पट्टीच्या तळातली सर्वांत गडद शेड बघा. फिकटात दबलेली झाक गडदात उघडी पडते. वर सगळे बेज भावंडांसारखे दिसतात, खाली कुणी विटकरी निघतो, कुणी मोहरी, कुणी शेवाळी. काही कंपन्या पट्टीत वरपासून खालपर्यंत एकच झाक ठेवत नाहीत, त्यामुळे हा पुरावा लेबलापेक्षा कच्चा. दुसरी सोय कोऱ्या पांढऱ्या कागदाची. चारही कार्डं एकाच कागदावर, मध्ये चार बोटांचं अंतर ठेवून मांडा आणि खिडकीजवळ न्या. कार्ड हातात धरून पाहिलं तर तळहाताचा रंग त्यात मिसळतो.

आता मुख्य गोष्ट. चार शेडमधला सर्वांत सुंदर कुठला, हा प्रश्न मनातून काढा. तुमच्या फरशीला कुठला चालतो, एवढंच ठरवायचं आहे. सोफ्याला उद्या अभ्रा घालता येईल, पडदे बदलता येतील, फरशी मात्र राहणार. खोलीत भिंतींनंतर छताइतकीच मोठी जागा तिची असते, आणि खिडकीतून आलेला बराचसा प्रकाश आधी तिच्यावर पडून मग भिंतींवर उडतो. पिवळसर क्रीम फरशीवरून उडालेला प्रकाश भिंतीच्या खालच्या भागाला पिवळट करतो. अशा फरशीशेजारी गुलाबी झाकेचा बेज टाळाच. दोन्ही फिकट, दोन्ही उबदार, पण एक पिवळ्याकडे ओढतो आणि दुसरा तांबड्याकडे. त्या ओढाताणीत फरशी मळकी दिसू लागते, आणि ती पुसून पुसून स्वच्छ होत नाही, कारण तिथे मळ नसतोच. लोक अशा वेळी फरशीला दोष देतात.

फरशीतल्या तपकिरी ठिपक्यांचाही उपयोग करून घ्या. फरशी ओल्या फडक्याने पुसा, ओली असतानाच जवळून बघा. ओलेपणी ठिपक्यांचा रंग खुलतो. ते तांबूस तपकिरी आहेत की पिवळसर, मातीसारखे? पिवळसर असतील तर तुमची दिशा पक्की. खूपच तांबूस असतील तर सूत्रात तांबड्याचा किंचित जास्त अंश चालेल, पण किंचितच.

एलआरव्हीचे आकडे तुमच्याकडे आहेतच. भिंतीवर पडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के परत फिरतो तो हा आकडा. निखळ काळा ०, निखळ पांढरा १००. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शेडमध्ये फरक अवघा २ चा आहे. उजेडाच्या दृष्टीने त्या दोघी सारख्याच, वेगळी आहे ती झाक. ७४ आणि ५८ मधला फरक मात्र एका खिडकीच्या खोलीत जाणवणार. खिडकीचा प्रकाश खोलीच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत एक-दोन भिंतींवर आपटून येतो. ५८ च्या भिंतीवर दोनदा आपटलेला प्रकाश साधारण ३४ टक्के उरतो, ६८ च्या भिंतीवर ४६ टक्के, ७४ च्या भिंतीवर ५५ टक्के. म्हणजे चौथी शेड खिडकीसमोर छान आणि मागच्या कोपऱ्यात तपकिरी, असं होणार. भरपूर ऊन येणाऱ्या खोलीत ५८ सुंदर दिसला असता. तुमच्या खोलीत नको.

उत्तरेच्या खिडकीबद्दल. उत्तर गोलार्धात अशा खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येत नाही, येतो तो आकाशाचा प्रकाश. तो दिवसभर बराचसा स्थिर आणि निळसर असतो. स्थिर असल्यामुळे तुमची शेड दिवसभरात फार सोंगं बदलणार नाही, पूर्व-पश्चिम खिडक्यांच्या खोलीत हे सुख नसतं. पण निळसरपणामुळे बेजमधली ऊब थोडी मारली जाते. काळा स्टेनर जास्त असलेली शेड अशा उजेडात ढगाळ दिवसासारखी मलूल होते, आणि हिरवट असेल तर आणखीच. तिसरी शेड मागे पडण्याचं हे एक कारण. खिडकीबाहेर दाट झाडं असतील तर पानांवरून उडालेला हिरवा प्रकाशही आत येतो, मग तर तिसरीचा विचारच नको.

रात्री चारही पिवळे का दिसतात? एका बेजपेक्षा दुसरा पिवळा असतो, कारण तो निळा प्रकाश जास्त गिळतो. तुमच्या दिव्यांच्या उजेडात निळा भाग मुळातच कमी असेल तर गिळायला काही उरतच नाही, आणि हा फरक पुसट होतो. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा बघा. २७०० किंवा ३००० असेल तर उजेड पिवळट, ४००० च्या आसपास मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. याशिवाय सीआरआय नावाचा आकडा असतो, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा. तो ९० किंवा वर हवा. तो कमी असेल तर दिव्याचा रंग ठीक वाटला तरी लाकूड, कापड आणि भिंत यांचे रंग मेलेले दिसतात. ६५०० च्या दिव्याखाली बेज रंग बघवत नाही, आणि २७०० खाली पिवळा बेज जास्तच पिवळा होतो. बैठकीसाठी ३००० ते ४००० मधला एक आकडा ठरवा आणि खोलीतले सगळे दिवे त्याच आकड्याचे लावा. एका कोपऱ्यात ३००० आणि दुसऱ्यात ६५०० असेल तर एकच भिंत दोन रंगांची दिसेल आणि दोष रंगाऱ्याच्या माथी जाईल. हे काम नमुने बघण्याआधी करा. दिवे नंतर बदलले तर सगळी निवड पुन्हा करावी लागते.

आता नमुने नव्याने. भिंतीवर मारू नका. हार्डबोर्डचे किंवा जाड पुठ्ठ्याचे दोन फूट बाय दोन फुटांचे तुकडे घ्या, एका शेडला एक. त्यांना पांढऱ्या प्राइमरचा एक हात द्या. पुठ्ठा असेल तर मागूनही द्या, नाहीतर तो वाकतो आणि वाकलेल्या पृष्ठभागावर उजेड वेगवेगळा पडून रंग फसवतो. कडेने दोन इंच पांढरी पट्टी राहील अशी मास्किंग टेप लावा. ही कोरी कड नमुन्याला जुन्या हिरव्या भिंतीपासून दूर ठेवते. रंग छोट्या रोलरने द्या, ब्रशने नको, कारण भिंतीवर रोलरच फिरणार आहे आणि पोत बदलला की रंगही जरा बदलतो. दोन हात, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडून. मग निदान २४ तास वाळू द्या. पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग ओला असताना दुधाळ आणि फिका दिसतो, वाळला की गडद होतो, म्हणून ओल्या बोर्डावर काहीही ठरवू नका. दोन हातांना एका बोर्डासाठी शंभर मिलीलीटरच्या आत रंग लागतो, रोलरने पिऊन टाकलेला धरूनही २०० मिलीलीटरचा डबा पुरून उरतो. तुमच्याकडे उरलेला रंग असेल तर नवा आणायलाही नको, फक्त तळापर्यंत नीट ढवळून घ्या.

चौथी शेड आकड्यावरून बाद झाली, म्हणून बोर्ड तीनच करा. वेळ हातात आहे: करायला एक दिवस, वाळायला एक, बघायला दोन.

बोर्ड उभाच बघायचा, भिंतीला टेकवून. आडवा, टेबलावर ठेवलेला बोर्ड वरून जास्त उजेड घेतो आणि भिंतीवर दिसेल त्यापेक्षा फिका दिसतो. खोलीतल्या चार जागा ठरवा. पहिली, खिडकीसमोरची भिंत. दुसरी, खिडकी ज्या भिंतीत आहे तिच्यावर, खिडकीच्या बाजूला. ही खोलीतली सर्वांत अंधारी जागा, कारण हिच्यावर थेट प्रकाश पडतच नाही आणि शेजारच्या लख्ख खिडकीमुळे ती आणखी काळवंडते. शेड इथे पास झाली तर सगळीकडे होते. तिसरी, बोर्डाची खालची कड फरशीला टेकवून, सोफ्याच्या शेजारी. चौथी, दाराच्या चौकटीला लावून. गडद लाकडाशेजारी प्रत्येक फिकट शेड आणखी फिकट दिसते, तेव्हा या चौथ्या जागेवर फक्त झाक बघा, फिकेपणा नको.

एका वेळी दोनच बोर्ड. तिन्ही एकत्र मांडले की पुन्हा पट्ट्यांसारखा गोंधळ. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी आणि रात्री दिव्यात, असं चार वेळा बघा. बैठक तुम्ही मुख्यतः संध्याकाळी वापरत असाल तर संध्याकाळच्या मताला दुप्पट वजन द्या. नजर पहिल्या पाच-दहा सेकंदांतच खरं सांगते. त्यानंतर डोळे त्या रंगाला सरावतात आणि प्रत्येक बेज हळूहळू पांढरा वाटू लागतो. टक लावून बघत बसण्यापेक्षा खोलीतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणं चांगलं. बघितल्याबरोबर एक शब्द कागदावर लिहा: गुलाबी, पिवळा, हिरवट, राखाडी, काहीच नाही. 'काहीच नाही' हा शब्द ज्या बोर्डापुढे जास्त वेळा येईल, तो बोर्ड जपून ठेवा.

फोनवर फोटो काढून ठरवू नका. कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढऱ्याचा हिशोब आपल्या मनाने लावतो, म्हणून एकाच बोर्डाचे दोन फोटो दोन रंगांचे येतात. दोन्ही बोर्ड एकाच फोटोत घेतले तर त्यांच्यातला फरक दिसेल, पण खरा रंग नाही.

आणखी एक गोष्ट बोर्डावर सहसा कुणी बघत नाही. भिंत सुटी नसते, ती दुसऱ्या भिंतींकडे बघत असते. बेज भिंतीवरून उडालेला बेजसर प्रकाश समोरच्या बेज भिंतीवर पडतो, तिथून परत येतो, आणि प्रत्येक फेरीत झाक दाट होते. त्यामुळे चारही भिंती रंगल्यावर शेड कार्डापेक्षा जास्त रंगीत दिसते. हे आधीच बघायचं असेल तर उरलेल्या रंगाने एका जाड कागदाला दोन हात द्या, वाळल्यावर मधोमध घडी घाला आणि उघड्या पुस्तकासारखा काटकोनात उभा धरा. आतल्या घडीजवळ बघा: तिथे रंग कडेपेक्षा स्पष्ट दाट दिसेल, आणि तोच तुमच्या खोलीच्या कोपऱ्यांचा रंग. घडीतला रंग आवडला नाही तर ती शेड घेऊ नका, बोर्ड कितीही गोड दिसो. झाक आवडली पण दाट वाटते, असं झालं तर दुकानात तेच सूत्र अर्ध्या मात्रेने करून मागता येतं. मात्र अर्ध्या मात्रेची शेड ही नवी शेड समजा आणि तिचाही बोर्ड करा.

पत्रातल्या माहितीवरून माझा कल दुसऱ्या शेडकडे आहे. ६८ हा आकडा खोलीला पुरेसा उजेड देतो, आणि हिरव्या भिंतीवरही ती गुलाबी किंवा हिरवट म्हणून तुमच्या डोळ्यांत खुपली नाही. करड्या सोफ्याशेजारी तेवढी तपासा. करडा निळसर असेल तर त्याच्याजवळ बेज जास्त पिवळा दिसतो, पुन्हा तेच शेजाऱ्याचं गणित. पिवळेपणा सोफ्याजवळच खटकत असेल आणि बाकी तिन्ही जागी ठीक असेल, तर शेड बदलू नका, सोफ्यावर तपकिरी किंवा मातकट उशा टाका. पहिल्या शेडच्या सूत्रात तांबडा कमी निघाला, म्हणजे तिचा गुलाबीपणा हिरव्या भिंतीची करणी होती असं ठरलं, तर मात्र ७४ आणि ६८ मध्ये खरी लढत होईल.

तेव्हा घरातल्यांचं म्हणणं कामी येईल. दोन बोर्डांच्या मागे आकडे लिहा, कुणाला तरी ते समोरासमोरच्या दोन भिंतींना टेकवायला सांगा आणि तुम्ही नंतर आत या. कुठला कुठला ते तीन-चार फेऱ्यांत ओळखता आलं नाही, तर तो फरक तुमच्या खोलीत अस्तित्वातच नाही. भिंतीवर दोन्ही शेड शेजारी लागणार नाहीत, लागणार एकच. मग जास्त उजेडाची, ७४ ची घ्या आणि विषय संपवा. ओळखता आलं, तर जी बघताना फरशी स्वच्छ वाटते ती घ्या.

छताचा पांढरा विसरू नका. निळसर झाकेचा झगझगीत पांढरा छताला लावला तर त्याखाली कुठलाही बेज जुनाट आणि पिवळा दिसतो. किंचित उबदार पांढरा घ्या, आणि त्याचाही एक हात बोर्डाच्या कोऱ्या कडेवर मारून बघा. दारा-खिडक्यांना पांढरा ऑइल पेंट द्यायचा विचार असेल तर एक माहीत असू द्या: तो कमी उजेडाच्या जागी काही वर्षांत पिवळा पडतो. पाण्यात मिसळणारा इनॅमल तसा पडत नाही.

चमक कमीच ठेवा. मॅट किंवा फार तर अगदी हलकी चमक. तुमच्या खोलीत प्रकाश एकाच खिडकीतून येतो, म्हणजे बाजूच्या दोन भिंतींवर तो तिरका घासत जातो. तिरक्या उजेडात लांबीचा (पुट्टीचा) प्रत्येक उंचवटा दिसतो, आणि चमकदार रंग तो दुप्पट दाखवतो. बोर्डचा रंग ज्या चमकीचा, भिंतीचाही त्याच चमकीचा हवा. तीच शेड मॅटमध्ये थोडी फिकी, पावडरसारखी दिसते आणि चमकीत दाट.

रंगाऱ्याला दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. तुम्ही मारलेले चार पट्टे पॉलिश पेपरने घासून सपाट करायचे, विशेषतः त्यांच्या कडा, नाहीतर त्या कडा नव्या रंगातून वर्षानुवर्षं दिसत राहतील. आणि लांबीची ठिगळं लावल्यावर प्राइमरचा हात अख्ख्या भिंतीला द्यायचा, नुसता ठिगळांना नाही. उघडी लांबी रंग पिते आणि तिथे भिंत निस्तेज, डागाळल्यासारखी वाळते. बेजसारख्या फिकट रंगात हे डाग फार उठून दिसतात. पांढऱ्या प्राइमरमुळे जुना हिरवाही कायमचा मिटतो. जुना रंग ऑइल पेंट असेल तर आधी घासून त्याची चमक मारायची, नाहीतर वरच्या इमल्शनचे पोपडे निघतात.

किती रंग लागेल तेही आधीच काढा, म्हणजे मध्येच नवा डबा करून आणायची वेळ येत नाही. उदाहरणादाखल ४ मीटर बाय साडेतीन मीटरची, २.८ मीटर उंच खोली घ्या. भिंतींचा घेर १५ मीटर, गुणिले उंची म्हणजे ४२ चौरस मीटर. त्यातून दार आणि खिडकी मिळून ५ वजा करा, उरले ३७. दोन हातांचे ७४. गुळगुळीत, प्राइमर केलेल्या भिंतीवर एक लिटर साधारण १० चौरस मीटरला एक हात पुरतो, म्हणजे साडेसात लिटर लागतील, ८ आणावेत. तुमची मापं यात घालून बघा.

हे आठ लिटर दोन-तीन डब्यांत आले तर सगळे मोठ्या बादलीत एकत्र ओतून, ढवळून मगच भिंतीला लावायचे. फिकट शेडमध्ये स्टेनर इतके थोडे असतात, की एका डब्यात थेंबभर कमी-जास्त झाला तरी भिंतीच्या मध्यावर जोड दिसतो. याच कारणाने नमुन्याचा छोटा डबा आणि मोठा डबा यांत थोडा फरक पडू शकतो, कारण छोट्या डब्यात मशीनचा एक थेंबही मोठा ठरतो. म्हणून मोठा डबा घरी आल्यावर आधी एक बोट रंग निवडलेल्या बोर्डाच्या मधोमध लावा आणि पूर्ण वाळू द्या. तो ठिपका शोधावा लागला तर रंग बरोबर. लांबूनच दिसला तर डबा आणि बोर्ड घेऊन दुकानात जा, भिंतीला हात लागण्याआधी. अर्धा लिटर उरेल तो घट्ट झाकणाच्या लहान डब्यात भरा आणि सूत्राची चिकटपट्टी त्यावर डकवा. पुढे डागडुजीला तोच रंग, त्याच जातीच्या रोलरने लावायचा.

पहिला हात लागला की भिंत पांढुरकी आणि ठिकठिकाणी वेगळी दिसेल. तेव्हा काम थांबवू नका. दुसरा हात पूर्ण होऊन एक रात्र गेली की सकाळी बोर्ड खिडकीसमोरच्या भिंतीला टेकवा. पांढऱ्या कडेच्या आतला रंग आणि बाहेरचा रंग एकच दिसायला हवा.